तीन सायंकाळी आणि एक जुने देणे

आमच्या वडिलांच्या घरात दोन गोष्टींना सक्त मज्जाव होता. एक विडी आणि दुसरा सिनेमा. वडील शुभवर्तमानाचे प्रचारक. सायकलवरून खेडोपाडी हिंडावे, झाडाखाली चार माणसे जमवावी आणि सायंकाळी थकून घरी यावे, असा त्यांचा जन्मभराचा क्रम होता. त्यांनी स्वतः एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. तथापि चित्रपटांविषयी त्यांचे मत अगदी निश्चित होते. ते मत आम्ही वारसाहक्काने घेतले. घर अथवा शेत आमच्या वाट्यास येण्यासारखे नव्हतेच. तेव्हा मतेच काय ती आली, आणि ती आम्ही पुष्कळ वर्षे मोठ्या अभिमानाने सांभाळली.

अशा मनुष्याने यंदा जुलै महिन्यात आपल्या शाळेत फ्रेंच चित्रपटांचा तीन सायंकाळचा उत्सव भरविला, हे ऐकून काही पालकांस आश्चर्य वाटले, व एका पालकांनी "शाळेत सिनेमा कशासाठी?" अशी चिठ्ठीही पाठविली. त्या चिठ्ठीचे उत्तर द्यावे, आणि त्याबरोबर आमच्या शिरावरील एका जुन्या देण्याचीही कबुली द्यावी, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

आरंभ एका फजितीने झाला. इयत्ता ९ वीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पहिला सिनेमा कोणता?" आम्ही क्षणाचाही विचार न करता "राजा हरिश्चंद्र" असे ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा उभी राहिली व अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, तो आपल्या देशातला पहिला कथापट. जगातला सिनेमा त्याच्या आधी सतरा-अठरा वर्षे फ्रान्समध्ये सुरू झाला. आणि आपल्याकडे तो मुंबईत १८९६ सालीच आला होता." वर्गात हशा पिकला नाही, ही त्या मुलांची थोरवी. ज्या विषयाचे ज्ञान नाही, त्या विषयावर आम्ही वीस वर्षे निवाडे देत आलो होतो, हे मात्र त्या दिवशी लख्ख उमगले. मग आम्ही वाचू लागलो, आणि जसजसे वाचत गेलो तसतसे आपणच पुन्हा बाकावर बसलो आहोत असे वाटू लागले.

फ्रान्स देशातील लियों शहरी ल्युमिएर नावाचे कुटुंब छायाचित्रांच्या काचा तयार करण्याचा कारखाना चालवीत असे. त्या घरातील ऑग्युस्त व लुई या बंधूंनी एक पेटी सिद्ध केली. त्याच एका पेटीने चित्रे घ्यावी, त्यांची प्रत काढावी आणि तिनेच ती पडद्यावर पाडावी, अशी ती युक्ती. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील ग्राँ काफे या उपाहारगृहाच्या तळघरात पैसे घेऊन त्यांनी दहा लहान चित्रे लोकांस दाखविली. पुढे अवघ्या सहा-सात महिन्यांत ती पेटी समुद्र ओलांडून मुंबईस आली. मारियुस सेस्तिए नावाचा त्यांचा प्रतिनिधी ऑस्ट्रेलियास निघाला होता. त्याने वाटेत मुंबईस मुक्काम केला आणि ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात पहिला खेळ झाला. दर माणशी एक रुपया. त्या काळी मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतका तो रुपया होता. पुढे नॉव्हेल्टी नाटकगृहात खेळ सुरू झाले, तेव्हा चार आण्यांचीही जागा मिळू लागली व पडदानशीन स्त्रियांसाठी निराळी सोय झाली. हे नवल पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी गृहस्थांनी विलायतेहून कॅमेरा मागविला, मुंबईत रंगलेल्या एका कुस्तीचे चित्रण केले, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे स्वदेशी परतले तेव्हाच्या स्वागताचेही केले. म्हणजे आमच्या मराठी मुलखातील चित्रपटाची मुळाक्षरे फ्रेंच पाटीवर गिरविली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून आम्ही ७, ८ व ९ जुलै या तारखा धरल्या. शंभरी उलटलेल्या चित्रपटांवर आपल्या कायद्याप्रमाणे कोणाचा स्वामित्वहक्क उरत नाही. त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो मोठ्या पडद्याचा व चांगल्या प्रोजेक्टरचा. गावात मांडव, दिवे व ध्वनिक्षेपक भाड्याने देणारे एक पालक आहेत. त्यांचा मुलगा आमच्याकडे ६ वीत शिकतो. निरोप जाताच ते सर्व सामान घेऊन आले. त्यांच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

पहिल्या सायंकाळी बाहेर पाऊस कोसळत होता आणि सभागृहाच्या पत्र्यावर असा ताशा वाजत होता की मूकपटास वेगळ्या वाद्याची गरज भासली नाही. प्रथम ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याचा दरवाजा उघडला. लांब झग्यांतल्या स्त्रिया, टोप्या घातलेले पुरुष, एक सायकल, एक कुत्रा, सर्व बाहेर पडले, आणि पाऊण मिनिटात चित्र संपले. "एवढेच?" असा सूर निघाला. आम्ही ते पुन्हा लावले. दुसऱ्या वेळी मुले पाहू लागली. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, या बायका आता घरी जाऊन स्वयंपाकाला लागणार." सव्वाशे वर्षांहून जुन्या आणि सात समुद्रांपलीकडच्या त्या स्त्रिया तिला आपल्या आईसारख्या दिसल्या, याहून मोठा भूगोलाचा पाठ आम्ही कधी दिलेला नाही. मग बागवानाचे चित्र लागले. एक खट्याळ पोर पाण्याच्या नळीवर पाय देते. पाणी का थांबले म्हणून बागवान नळीच्या तोंडात डोकावतो. पोर पाय काढते आणि पाण्याचा फवारा त्याच्या तोंडावर! या चित्राने सभागृह असे हसले की पावसाचा आवाज बुडाला. ५ वीचा एक चिमुरडा पोट धरून खाली बसला. लियोंच्या त्या बागेतील विनोद लोणारच्या पोरांस समजावून देण्यास दुभाष्या लागला नाही.

दुसऱ्या सायंकाळी जॉर्ज मेलिएस यांचा १९०२ सालचा 'चंद्रावरील प्रवास' लावला. मेलिएस हे पॅरिसमधील एक जादूगार. ग्राँ काफेतील त्या पहिल्या खेळास ते हजर होते. तेथेच त्यांनी ती पेटी विकत मागितली, पण ल्युमिएर पित्याने देण्याचे नाकारले. तेव्हा त्यांनी दुसरीकडून यंत्र मिळविले, काचेचा मंडप उभारून त्यात शेकडो चित्रपट तयार केले आणि जादूगाराची सारी करामत पडद्यावर आणली. या चित्रपटात पंडितांची एक सभा चंद्रावर जाण्याचे ठरविते. तोफेतून एक भला मोठा गोळा सोडला जातो आणि तो जाऊन चंद्राच्या उजव्या डोळ्यात रुततो. चंद्राचे ते वेदनेने वाकडे झालेले तोंड पाहून मुले हसली. पण एक मुलगा हसला नाही. त्याने विचारले, "सर, चंद्राच्या डोळ्यात गेलेला गोळा माणसांनी सोडला. आपल्या गावाच्या डोळ्यात गेला तो कोणी सोडला?"

लोणारच्या मुलाखेरीज हा प्रश्न कोणास सुचणार? आमच्या उंबऱ्यापाशी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो प्रचंड खळगा आहे. पूर्वजांनी त्याची कथा लवणासुराच्या वधाशी जोडली व दैत्यसूदनाचे देखणे मंदिर उभारले. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी सिद्ध केले की आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने तो झाला आहे. तो केव्हा झाला, याची गणिते मात्र जुळत नाहीत; एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे निघतात, तर दुसरीने ५,७०,०००. आघाताने काळ्या बसाल्ट खडकात झालेली अशी विवरे पृथ्वीवर फार विरळ. चंद्रावरील खडक त्याच जातीचा असल्यामुळे चंद्राची विवरे समजून घेण्यास शास्त्रज्ञ लोणारकडे पाहतात. हे आम्ही सांगितले तेव्हा मुले पडद्यावरील चंद्राकडे काही निराळ्याच नजरेने पाहू लागली. एका जादूगाराने पॅरिसमध्ये बसून कल्पनेने जे रंगविले, त्याच्या उलट खेळ आपल्या गावात खरोखर घडलेला आहे, हे त्यांस त्या रात्री प्रथमच कळले.

मग आम्ही मेलिएस यांची पुढील कथा सांगावयास घेतली. त्यांचे दिवस फिरले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या चित्रपटांच्या शेकडो प्रती लष्कराने ताब्यात घेऊन वितळविल्या. त्यांतील चांदी काढून घेतली आणि सेल्युलॉइडपासून शिपायांच्या बुटांच्या टाचा केल्या. १९२३ साली त्यांची जागा गेली. तेव्हा उरलेल्या मूळ पट्ट्यांना त्यांनी निराशेच्या भरात स्वतःच्या हाताने आग लावली. पुढे हा मनुष्य पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात खेळण्यांच्या दुकानावर बसत असे. १९३८ साली तो वारला. 'चंद्रावरील प्रवासा'ची हाताने रंगविलेली एक प्रत नाहीशीच झाली असे सर्वांनी धरले होते; ती १९९३ साली स्पेनमधील बार्सिलोना येथे सापडली आणि वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीनंतर २०११ साली फ्रान्समधील कानच्या महोत्सवात पुन्हा झळकली.

हे सांगत असता "आग लावली" या शब्दांपाशी आमचा आवाज अडखळला. मुलांस वाटले, सरांना खोकला आला. कारण निराळे होते. सभागृहाच्या मागील बाजूस प्रोजेक्टरजवळ ते पालक उभे होते.

आता ती कबुली. त्या वेळी आम्ही नव्यानेच नोकरीस लागलो होतो व वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेच्या दिवसांत गावाबाहेर तंबूतील सिनेमा आला होता. रात्री हजेरी घेताना एक मुलगा कमी भरला. तासाभराने तो कुंपणावरून आत उतरताना सापडला. प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेपुढे त्यास उभे केले. एवढ्यावरही आमचे समाधान झाले नाही. त्याची पेटी उघडविली. आत एक पुठ्ठ्याचे खोके होते. त्याला एका अंगास विजेचा निकामी दिवा बसविलेला. दिव्यातील तार काढून त्यात पाणी भरलेले. आरशाने ऊन आत सोडले की त्या दिव्याचे भिंग होई व समोर धरलेल्या फिल्मच्या तुकड्याचे चित्र भिंतीवर पडे. तंबूवाल्याने टाकून दिलेले असे तीस-चाळीस तुकडे त्याने एका वहीत जपून ठेवले होते. प्रकाशाचे वक्रीभवन आम्ही वर्गात फळ्यावर शिकवीत होतो. या मुलाने ते हाताने करून दाखविले होते. ते आम्हांस दिसले नाही. आम्ही ते खोके आणि ती वही वसतिगृहाच्या चुलीत घातली. मुलगा रडला नाही. तो ज्वाळेकडे पाहत राहिला. फिल्म जळताना येतो तो उग्र वास पुढे कित्येक दिवस स्वयंपाकघरात रेंगाळत होता.

तोच मुलगा आता आमच्या सभागृहात प्रोजेक्टर चालवीत होता.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तिसऱ्या सायंकाळी मात्र आम्ही जे दाखविणार होतो, ते आमच्या वडिलांच्या स्मृतीसाठी म्हणून मुद्दाम राखून ठेवलेले होते. प्रभू येशूच्या जीवनावरील तो चित्रपट १९०६ साली पॅरिसच्या गोमाँ कंपनीसाठी ॲलिस गी या बाईंनी दिग्दर्शित केला. या बाई त्या कंपनीत चिटणीस म्हणून लागल्या, आणि १८९६ पासून स्वतः चित्रपट करू लागल्या. जगातील पहिली स्त्री दिग्दर्शक असा त्यांचा लौकिक आज मान्य झाला आहे. गव्हाणीपासून पुनरुत्थानापर्यंत पंचवीस प्रवेश त्यांनी मांडले. त्यात स्त्रियांस मोठे स्थान आहे. विहिरीवरील शोमरोनी स्त्री आहे, याईराची कन्या आहे, आणि वधस्तंभ वाहणाऱ्या प्रभूचा चेहरा पुसणारी वेरोनिका आहे. पुढे लोक या बाईंस विसरले, व त्यांच्या कित्येक कामांचे श्रेय इतरांच्या पदरी पडले.

सभागृहात सर्व धर्मांचे पालक होते. वधस्तंभाचा प्रवेश आला तेव्हा पुढच्या रांगेतील एका आजीबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला व हात जोडले. त्यांनी हे चरित्र कधी ऐकलेले नसावे; परंतु पुत्राच्या पायाशी बसलेली आई त्यांनी ओळखली. आमचे वडील चाळीस वर्षे शब्दांनी जे सांगत फिरले, ते येथे एकाही शब्दाविना पोहोचत होते. ते असते तर काय म्हणाले असते, हे आम्ही सांगू शकत नाही. पण ते उठून गेले नसते, असा आमचा विश्वास आहे.

नंतर आम्ही मुलांस त्र्यंबकेश्वरच्या एका ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूवजा चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी प्रभू येशूच्या चरित्राचा असाच चित्रपट पाहिला. तो ॲलिस गी यांचा की पाथे कंपनीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. पण बहुतेक जण तो फ्रान्समधीलच समजतात. फाळक्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे की पडद्यावर ख्रिस्तचरित्र चालू असता त्यांच्या मनासमोर राम, कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती. त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंसही तो चित्रपट नेऊन दाखविला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली त्यांनी विलायत गाठली, यंत्र आणले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, मंडळींस जेवू घातले, फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळकेही मेलिएस यांच्याप्रमाणेच जादूचे प्रयोग करीत. आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' म्हणवीत. आणि त्यांचेही अखेरचे दिवस उपेक्षेत गेले; १९४४ साली ते नाशिक येथे वारले. 'हरिश्चंद्रा'चा थोडाच भाग आज उरला आहे, आणि तोही १९१७ च्या नव्या आवृत्तीचा असावा, असे काहींचे मत आहे. उरला तेवढा भाग आम्ही शेवटी दाखविला.

आमच्या वडिलांस हे ठाऊक नव्हते, आणि आम्हांसही नव्हते. आम्ही ज्याला सैतानाची पेटी समजत होतो, तिच्यातून प्रथम आमच्याच प्रभूचे चरित्र निघाले, आणि त्यापासून एका हिंदू गृहस्थास आपल्या सत्यवचनी राजाची कथा सांगण्याची स्फूर्ती मिळाली. फ्रान्सचे हे देणेघेणे अजून थांबलेले नाही. १९४६ साली कानचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर' या चित्रपटाचा तेथे इतर काहींबरोबर सर्वोच्च सन्मान झाला. आणि २०२४ साली पुण्याच्या चित्रपटसंस्थेत शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या, फ्रेंच साह्याने निघालेल्या चित्रपटास तेथील दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात कोकणात आपल्या गावी परतणाऱ्या बाईची भूमिका छाया कदम या मराठी अभिनेत्रीने केली आहे. चित्रपट वाईट नसतातच असे आमचे म्हणणे नाही. वाईट पुस्तकेही असतात. म्हणून ग्रंथालयास कोणी काडी लावीत नाही. आधी पाहावे, तोलावे, मग टाकावे अथवा ठेवावे. न पाहता निकाल देणे हा न्याय नव्हे, आळस होय. चिठ्ठी पाठविणाऱ्या पालकांस आमचे एवढेच उत्तर आहे.

तिसऱ्या रात्री मंडळी घरोघर गेल्यावर आम्ही पडदा गुंडाळण्यास हात लावला. त्या पालकांस 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हेच आधी सुचेना. शेवटी म्हणालो, "तुमची ती पेटी आम्ही जाळली. तो आमचा अपराध होता. बावीस वर्षे उशीर झाला आहे. पण क्षमा करा."

ते वायर गुंडाळीत होते. हात न थांबविता म्हणाले, "सर, मला 'तू'च म्हणा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ते तुकडे कोणत्या सिनेमाचे होते, ते मला आजवर कळले नाही. एका तुकड्यात एक बाई हातात दिवा घेऊन दारात उभी होती, एवढे आठवते. तुम्ही पाहिली होती का ती?"

आम्ही पाहिली नव्हती. जाळण्यापूर्वी एकही तुकडा उजेडास धरून पाहिला नव्हता.

"क्षमा केली" असे काही ते बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही. सामानाचे भाडे मात्र त्यांनी घेतले नाही. पुढील आठवड्यात ते आपण होऊन कार्यानुभवाच्या तासास आले आणि ८ वीच्या मुलांस पाणी भरलेल्या दिव्याची ती पेटी कशी करावी हे त्यांनी शिकविले. काच फुटून इजा होऊ नये म्हणून दिव्याची तार त्यांनी स्वतः काढून दिली. मुलांनी केलेल्या पेट्यांपैकी एक आता आमच्या टेबलावर आहे. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आले की आम्ही आरसा धरतो, आणि त्यांच्या धाकट्या चिरंजीवाने पारदर्शक कागदावर शाईने काढलेले चित्र समोरच्या भिंतीवर पडते. भिंगातून जाताना ते उलटे होते, म्हणून त्याने कागदच उलटा लावून ठेवला आहे. चित्रात एक दार आहे, आणि दारात दिवा घेतलेली एक बाई.

बालमित्रांनो, ज्यास पाहावयाचे असेल त्याने सकाळी प्रार्थनेपूर्वी यावे. दार उघडे असते.